'कर्नल' : लेखणीत ल, तोंडात र

प्रश्न चोपड्याहून आला आहे. सैन्यदलात अधिकारी होण्याची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, 'कर्नल' या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग सी, ओ, एल, ओ, एन, ई, एल असे असून त्यात 'आर' हे अक्षर कुठेच नाही, मग उच्चारात 'र' आला कोठून? हा शब्द 'कॉलनी'वरून आला, असे त्याला कोणीतरी सांगितले आहे; ते कितपत खरे? आणि मोबाइलवरच्या शब्दकोशात ब्रिटिश उच्चार ऐकला तर तेथे 'र'देखील ऐकू येत नाही, तेव्हा मुलाखतीत नेमके म्हणायचे काय?

आधी निर्णय सांगतो आणि मग त्याची कारणे. उच्चार 'कर्नल' हाच बरोबर आहे. 'कोलोनेल', 'कॉलोनल' किंवा 'कलोनल' यांपैकी कोणताही उच्चार इंग्रजीत शुद्ध धरला जात नाही. 'कॉलनी'शी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. 'र' उच्चारावा की गाळावा, हा मात्र शुद्ध-अशुद्धाचा नव्हे, तर कोणत्या देशातले इंग्रजी आपण बोलतो याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर थोड्या विस्ताराने द्यावे लागेल.

शब्दाचे मूळ इटलीत आहे. लॅटिन 'कोलुम्ना' म्हणजे खांब. त्यापासून इटालियन भाषेत 'कोलोन्ना' झाले. खांबासारख्या लांब, सरळ रांगेत चालणाऱ्या सैन्यालाही तोच शब्द लावला जाऊ लागला. अशा पलटणीच्या अग्रभागी जी तुकडी असे, तिला लघुत्वदर्शक प्रत्यय लावून 'छोट्या स्तंभाची तुकडी' अशा अर्थाचे नाव पडले आणि त्या तुकडीच्या नायकाला 'कोलोन्नेल्लो' म्हणू लागले. वर्तमानपत्रातला 'कॉलम' हाही त्याच 'कोलुम्ना'चा वंशज आहे. मराठीत आपण त्याला 'स्तंभ' म्हणतो आणि तो लिहिणाऱ्याला 'स्तंभलेखक', ते मुळाला धरूनच आहे. म्हणजे स्तंभलेखक आणि कर्नल हे व्युत्पत्तीच्या नात्याने भाऊबंद ठरतात.

'कॉलनी'चे कूळ वेगळे. लॅटिनमध्ये जमीन कसणाऱ्याला 'कोलोनुस' म्हणत. अशा कसणाऱ्यांनी नव्या मुलुखात जाऊन केलेली वसाहत ती 'कोलोनिया', आणि तिच्यावरून 'कॉलनी'. दोन्ही शब्दांची सुरुवातीची अक्षरे सारखी दिसतात एवढेच. तुम्हाला चुकीची माहिती देणाऱ्याला फार दोष देऊ नका, कारण ही कल्पना बरीच जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश छापला, तेव्हा त्यांनीही या शब्दाची व्युत्पत्ती अनिश्चित असल्याचे नोंदवून, एका मते तो वसाहतीच्या प्रमुखावरून आणि दुसऱ्या मते खांबावरून आला, अशी दोन्ही मते शेजारी शेजारी मांडली आणि दोन्ही पटण्यासारखी आहेत असा शेरा दिला. पुढच्या अभ्यासात खांबाचा पक्ष निर्विवाद ठरला.

आता 'र'कडे येऊ, कारण खरी गंमत तेथे आहे. इटालियन 'कोलोन्नेल्लो' सोळाव्या शतकात फ्रेंचांनी उचलला, पण उचलताना त्याचा 'कोरोनेल' केला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतही तो 'कोरोनेल'च झाला आणि त्या दोन्ही भाषांत आजही तसाच आहे. तेथे 'कोरोना' म्हणजे मुकुट या शब्दाच्या ओढीनेही हा बदल पक्का झाला असावा, असे मानले जाते. एका शब्दात दोन 'ल' एकमेकांजवळ आले की जिभेला ते जड जाते आणि त्यांपैकी एकाचा ती 'र' करून टाकते, किंवा दोन 'र' आले की एकाचा 'ल'. भाषाशास्त्रात या प्रक्रियेला विषमीभवन म्हणतात. हे नाव अवघड असले, तरी ही गोष्ट आपल्या घरात रोज घडलेली आहे. संस्कृत 'हरिद्रा'मध्ये दोन 'र' आहेत. प्राकृत आणि पालीत येईपर्यंत पहिल्या 'र'चा 'ल' झाला, दुसरा जोडाक्षरातून गळाला, आणि मराठीत 'हळद' उरली. आपल्याकडे अहिराणीत आणि लेवा गणबोलीत 'ळ'चा पुन्हा 'य' होऊन तिची 'हयद' झाली. 'दरिद्री'चा 'दळिद्री' झाला तोही याच वाटेने. लग्नघरी 'हयद' लावताना कोणालाही 'हरिद्रा'तला 'र' आठवत नाही, आणि तो परत आणा असा आग्रहही कोणी धरत नाही. युरोपातही याची उदाहरणे पुष्कळ आहेत: लॅटिन 'पेरेग्रिनुस'मधील एक 'र' बदलून इंग्रजी 'पिल्ग्रिम' झाला, आणि संगमरवराला इंग्रजीत 'मार्बल' म्हणतात त्यातला 'ल' मुळात 'र' होता.

इंग्रजांनी हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्यास, साधारण १५४०च्या दशकात, फ्रेंचांकडून 'कोरोनेल' याच रूपात घेतला. त्या वेळी तो तसाच लिहिला जाई आणि तसाच उच्चारला जाई. स्पेलिंगमध्ये 'आर' होता. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की, उच्चारात 'र' नंतर घुसला नाही, तो इंग्रजीत पहिल्या दिवसापासून होता. नंतर घुसला तो स्पेलिंगमधला 'एल'.

तो कसा घुसला, हे समजण्यासाठी त्या काळच्या विद्वानांचा एक हव्यास ध्यानात घ्यावा लागतो: शब्दाचे स्पेलिंग त्याच्या मुळाशी जुळवून घेण्याचा. इटली ही तेव्हा युद्धशास्त्राची शाळा मानली जात होती आणि इटालियन युद्धशास्त्रीय ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे होऊ लागली होती. भाषांतरकारांच्या डोळ्यांपुढे मूळ 'कोलोन्नेल्लो' असल्यामुळे, १५८०च्या दशकापासून त्यांनी इंग्रजीतही 'एल'चे स्पेलिंग लिहिण्यास सुरुवात केली. फ्रेंचांनीही याच सुमारास 'ल' परत आणला, पण त्यांनी तो लिहिण्यात आणला तसा बोलण्यातही आणला. आजचा फ्रेंच माणूस 'कोलोनेल' असेच म्हणतो. इंग्रजांचे तसे झाले नाही. पुढे साधारण १६५०पर्यंत 'ल'चा आणि 'र'चा असे दोन्ही उच्चार शेजारी शेजारी नांदले आणि त्यानंतर बोलण्यात हळूहळू 'र'ने बाजी मारली, तर लिहिण्यात 'एल'ने. पंडितांनी लेखणी जिंकली, शिपायांनी जीभ राखली.

मधला 'ओ' कुठे गेला, असा उपप्रश्न कोणी विचारील. तोही आपल्या ओळखीचा प्रकार आहे. आपण 'अमळनेर' लिहितो, पण बोलताना 'ळ'मधला 'अ' गिळून 'अमळ्नेर' म्हणतो. 'जळगाव' आणि 'धरणगाव' यांचेही तेच. इंग्रजीत जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या पहिल्या तुकड्यावर, पडला की मधला स्वर असाच दुबळा होतो आणि गळतो. तीन अवयवांचा 'कोरोनेल' अशा रीतीने दोन अवयवांचा झाला. जॉन्सन यांच्या कोशातच अशी नोंद आहे की हा शब्द आता सर्वसाधारणपणे दोनच स्पष्ट अवयवांत उच्चारला जातो. विशेष म्हणजे तेथे त्यांनी उच्चार दाखवताना 'ल' ठेवला आहे. १७९१ साली जॉन वॉकर यांनी उच्चारांचा स्वतंत्र कोश काढला, त्यात मात्र 'र'चा उच्चार दिला आणि हा शब्द सुधारणेच्या पलीकडे गेलेल्या विसंगतींपैकी आहे, असे म्हणून हात टेकले.

अशी दुरुस्ती फक्त याच शब्दाची झाली असे समजू नका. कर्ज या अर्थाचा 'डेट' इंग्रजीत फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. लॅटिन मूळ 'डेबितुम' आहे हे दाखवण्यासाठी तो नंतर घातला गेला आणि तो कधीच उच्चारला गेला नाही. 'डाउट'मधील 'बी', 'रिसीट'मधील 'पी', 'सॅमन' माशातील 'एल' ही सारी त्याच कारागिरांची करामत. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ गैरसमजातून आला, कारण त्या शब्दाचे मूळ अस्सल इंग्रजी असून ज्या लॅटिन शब्दाच्या नात्याने तो 'एस' घातला, त्याच्याशी त्याचे नातेच नाही. उलट 'फॉल्ट'मध्येही 'एल' असाच मागाहून घातला गेला, पण तेथे लोक स्पेलिंग पाहून तो उच्चारू लागले आणि आज तो उच्चारणेच शुद्ध आहे. तेव्हा विद्यार्थी नियम मागतात त्या वेळी मी सांगतो की, अशा शब्दांना नियम नाही, प्रत्येकाचा इतिहास वेगळा आहे आणि प्रत्येक शब्द कानाने वेगळा शिकावा लागतो.

आता मोबाइलवरच्या आवाजाबद्दल. तुम्ही ऐकले ते बरोबर ऐकले. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडन आणि दक्षिण इंग्लंडच्या बोलीतून स्वरानंतर येणारा 'र' लोपत गेला. त्यामुळे आजचा दक्षिणेकडचा शिक्षित इंग्रज 'बर्ड'मध्ये, 'नर्स'मध्ये किंवा 'गर्ल'मध्ये 'र' उच्चारत नाही. तो आपल्या 'अ'सारखा, पण लांबवलेला स्वर काढतो आणि पुढे जातो. 'कर्नल'मध्येही तो तसेच करतो, साधारण 'कऽनल' असे. ज्या 'र'ने पंडितांच्या 'ल'शी झुंज देऊन जागा राखली, तोच इंग्लंडात शेवटी मुका झाला. तेथे आज पहिला 'ल'ही ऐकू येत नाही आणि 'र'ही नाही. अमेरिकन मात्र 'र' स्पष्ट उच्चारतात, जीभ मागे वळवून. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्येही तो उच्चारला जातो. भारतीय इंग्रजीत सर्वसाधारणपणे 'र' उच्चारण्याचीच पद्धत आहे आणि ती अशुद्ध नाही. म्हणून तुम्ही 'र' उच्चारावा. फक्त तो 'रस्ता'मधल्या 'र'सारखा थरथरवू नये, तर हलका ठेवावा.

उच्चाराचा सराव करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली म्हणजे अवयव दोनच असावेत. आपल्याकडची मुले देवनागरीत 'करनल' लिहिलेले वाचून 'क-र-नल' असे तीन तुकडे पाडतात, विशेषतः मोठ्याने उतारा वाचायला सांगितला की. एरवी गप्पांत हाच शब्द ती व्यवस्थित बोलतात. कागद समोर आला की जीभ डोळ्यांचे ऐकू लागते. दुसरी गोष्ट, जोर सारा 'कर्'वर द्यावा आणि 'नल' अगदी दुबळा ठेवावा, इतका की 'न' आणि 'ल' यांच्यामधला 'अ' जेमतेम ऐकू यावा. घराच्या 'नळा'सारखा तो भरभक्कम आला की उच्चार मराठी वळणाचा होतो. 'न' उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकते. ते तेथून न उचलता फक्त जिभेच्या कडा सैल सोडल्या की 'ल' आपोआप निघतो. हे एकदा आरशासमोर करून पाहावे, सांगून जितके कळते त्याहून करून लवकर कळते.

बरोबर उच्चार केला म्हणजे तो इंग्रजीतील आणखी एका शब्दाशी तंतोतंत जुळेल, आणि त्याने गोंधळून जाऊ नये. के, ई, आर, एन, ई, एल असे स्पेलिंग असलेला 'कर्नल' म्हणजे बीच्या आतला गर. आपल्याकडे सरकी फोडल्यावर ज्या गरातून तेल काढतात, तो इंग्रजीत हाच. संगणकाच्या प्रणालीचा जो गाभा असतो त्यालाही याच शब्दाने ओळखतात. दाणा या अर्थाच्या 'कॉर्न' शब्दाला जुन्या इंग्रजीत लघुत्वदर्शक प्रत्यय लागून तो तयार झाला. दोन्हींचा उच्चार एक, मूळ भिन्न. वाक्यावरूनच अर्थ ओळखायचा.

मराठी माणसाला या शब्दाचा त्रास इतरांपेक्षा कमी व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपण तो पुस्तकातून नव्हे, कानाने घेतला. जुन्या मराठी लेखनात 'कर्णेल', 'कर्नेल' अशी रूपे दिसतात. पंजाबात त्याचे 'करनैल' झाले आणि तेथे ते मुलांचे नाव म्हणूनही रूढ झाले. या सगळ्या रूपांत 'र' आहे आणि 'कोलो' कुठेच नाही, याचा अर्थ ज्यांनी तो शब्द उचलला त्यांनी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडून तो ऐकला होता. घोटाळा सुरू झाला तो शाळेत स्पेलिंग पाठ करण्याच्या काळापासून. तेव्हा स्पेलिंग पाठ करताना मनात 'को-लो-नेल' असे म्हणून अक्षरे लक्षात ठेवण्यास हरकत नाही, ती युक्ती उपयोगाचीही आहे. फक्त ती वहीपुरती ठेवावी.

'कर्नल'बरोबर नेहमी येणाऱ्या 'लेफ्टनंट'बद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न तोच येणार हे अनुभवाने माहीत आहे. त्या शब्दाचे स्पेलिंग वाचले तर त्यात 'एफ' नाही. फ्रेंच 'लिय' म्हणजे जागा आणि 'तेनाँ' म्हणजे धरून ठेवणारा. वरिष्ठाच्या जागी उभा राहून काम पाहणारा तो लेफ्टनंट. पेशवाईतला 'मुतालिक' याच अर्थाने काम पाही. अमेरिकन स्पेलिंगला धरून 'लूटेनंट' म्हणतात, ब्रिटिश आणि आपण 'लेफ्टनंट' म्हणतो. इंग्रजीत 'फ'युक्त रूपे चौदाव्या शतकापासूनच सापडतात, पण तो 'फ' कसा आला याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी 'जागा' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाच्या एका वेगळ्या रूपाकडे बोट दाखवतात, तर कोणी 'यू' आणि 'व्ही' ही अक्षरे तेव्हा एकसारखी लिहिली जात, त्यामुळे वाचनात घोळ झाला असे म्हणतात. मला पहिले मत जास्त पटते, कारण सैन्यातले शब्द वाचनाने क्वचितच पसरतात, ते हुकमाने आणि हाळीने पसरतात. भिल्ल पलटण उभारण्यासाठी १८२५ साली खानदेशात आलेला आणि धरणगावी तळ देऊन राहिलेला जेम्स औट्रम त्या वेळी लेफ्टनंटच होता. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात.

दोन्ही शब्द जोडून 'लेफ्टनंट कर्नल' झाला, त्याचा अर्थ आता उलगडेल: कर्नलच्या जागी काम पाहणारा. जुन्या काळी कर्नल हा पुष्कळदा पलटणीचा नावापुरता धनी असलेला बडा सरदार असे, आणि मैदानावर पलटण चालवण्याचे काम त्याच्या या दुय्यमाकडे असे. भारतीय सैन्यात आज हे दोन स्वतंत्र हुद्दे आहेत. लेफ्टनंट कर्नलच्या खांद्यावर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा आणि एक तारा असतो, कर्नलच्या खांद्यावर तीच मुद्रा आणि दोन तारे, आणि त्यावरच्या ब्रिगेडियरला तीन. नौदलातील कॅप्टन आणि हवाई दलातील ग्रुप कॅप्टन हे कर्नलच्या बरोबरीचे. मात्र सैन्यातला कॅप्टन कर्नलपेक्षा पुष्कळ खालचा, ही गोष्ट लेखी परीक्षेत हमखास घोळ घालते. बोलताना लेफ्टनंट कर्नललाही नुसते 'कर्नल' म्हणण्याची रीत आहे, लिहिताना मात्र पूर्ण हुद्दा लिहावा लागतो.

मुलाखतीपुरते सांगायचे, तर समोर बसलेल्या अधिकाऱ्याला तुम्ही 'सर' किंवा 'मॅडम' म्हणायचे आहे, हुद्द्याने हाक मारायची नाही. 'कर्नल' हा शब्द तुमच्या तोंडी येईल तो हुद्द्यांचा क्रम विचारला गेला तर, किंवा घरातल्या, गावातल्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याबद्दल बोलताना. तेव्हा तो दोन अवयवांत, पहिल्यावर जोर देऊन, हलक्या 'र'ने उच्चारावा आणि न अडखळता पुढच्या वाक्याकडे जावे.